डाळिंब्यांचं तेंपे: थंडीतल्या सहा खेपांच्या नोंदी

६ डिसेंबर २०२५, शनिवार. तयारी आणि खेप १

तेंपे हा जावा बेटावरचा रोजच्या जेवणातला पदार्थ. शिजवलेल्या सोयाबीनवर बुरशी वाढवायची; तिचे पांढरे तंतू दाणे एकमेकांना बांधतात आणि दीड दिवसात सुरीने कापता येईल अशी लादी तयार होते. (आपल्याकडे ‘टेंपे’ लिहितात, जावातल्या उच्चारात ‘त’च आहे.) आधी सोयाबीनवर हात बसवायचा आणि मग तेच काम कडव्या वालांच्या डाळिंब्यांवर करायचं, असं ठरवलंय. वालच का? तेंपेतलं सगळ्यात कंटाळवाणं काम साल काढण्याचं, आणि ज्या घरांत बिरडं होतं तिथे ते गप्पा मारता मारता उरकतं. शिवाय जावातही तेंपे म्हणजे सोयाबीनच, असं नाही. योग्याकार्ताकडे बेंगुक नावाच्या बियांचं करतात. बेंगुक म्हणजे आपल्या खाजकुयलीचीच लागवडीतली, खाज न आणणारी जात.

सामान: सोयाबीन ५०० ग्रॅम, व्हिनेगर ४५ मिली, विरजण एक सपाट चमचा, झिपच्या पिशव्या (१८ बाय २० सेंमी), थर्माकोलचा झाकणाचा डबा, त्यात १५ वॅटचा बल्ब, वर तारेची जाळी, टोकाला सळई असलेला थर्मामीटर. विरजणात तांदळाच्या पिठीत मिसळलेले ऱ्हायझोपस ऑलिगोस्पोरस बुरशीचे बीजाणू असतात. इंडोनेशियात त्याला ‘रागी तेंपे’ म्हणतात, नाचणीशी त्याचा काही संबंध नाही. पाकीट फ्रीजरमध्ये ठेवायचं. उघडं राहून ओल धरली की बीजाणू मरतात.

सोयाबीन वाण्याकडचं खायचं घ्यावं. पेरणीच्या पिशवीतलं बियाणं कधीच नाही. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. त्यावर बुरशी वाढणार नाही हा भाग वेगळा, ते पोटात जाणं धोक्याचं.

रात्रभर, १२ तास भिजवलं. पाण्यातच दोन्ही तळव्यांत चोळलं, साली वर आल्या की पाणी ओतायचं, असं सात-आठ वेळा. पाऊण तास गेला आणि तरी दहातल्या एका दाण्यावर साल राहिलीच. कुकरला दोन शिट्ट्या. निथळून, व्हिनेगर आणि विरजण लावून, पिशव्यांत भरून डब्यात.

८ डिसेंबर

खेप १ फेकली. ४० तासांनी पांढरं जेमतेम कडेला. मधले दाणे बुळबुळीत, एक दाणा चिमटीत धरून ओढला तर भेंडीसारखी तार सुटली. वास जुन्या मोज्यांचा.

ही तार बॅसिलस जातीच्या जिवाणूंची. जपानी नात्तोमध्ये (तेही आंबवलेलं सोयाबीनच) हीच तार मुद्दाम आणतात, पण तिथे कोणता जिवाणू घातला ते ठाऊक असतं. इथे काय काय वाढलंय ते कळायला मार्ग नाही, म्हणून चव बघायचीही नाही.

कारणं दोन, आणि दोन्ही पाण्याची. एक, कुकरमध्ये दाणा फार मऊ झाला, बाहेरचा थर पिठूळ झाला आणि दाण्यांमधल्या फटी बुजल्या. बुरशीला हवा लागते. हवा नसली की जिवाणूंचं फावतं. दुसरं, चाळणीत निथळलं म्हणजे कोरडं झालं असं धरून चाललो. दाण्यावर पाण्याचा नुसता पापुद्रा राहिला तरी जिवाणू त्यातून पोहत सगळीकडे जातात. बुरशीला एका दाण्यावरून दुसऱ्यावर जायला पूल बांधावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

१३ डिसेंबर, शनिवार. खेप २

बदल:

सालींसाठी ओलं चोळणं बंद. कोरडे दाणे कढईत मंद आचेवर ८ मिनिटं नुसते गरम केले (रंग बदलू द्यायचा नाही), निवल्यावर जात्यावर भरडून डाळ केली आणि सुपात पाखडली. साली उडून गेल्या. ५०० ग्रॅमची ४५५ ग्रॅम डाळ हाती आली. जातं नसेल तर मिक्सरमध्ये एकेक सेकंदाचे चार झटके. पाचव्या झटक्याला कण्या व्हायला लागतात आणि कण्या फटी बुजवतात.

डाळ ६ तास भिजवली, उघड्या पातेल्यात ३५ मिनिटं उकळली. दाणा बोटांत दाबला तर फुटावा, पण लगदा होऊ नये. जावात भिजवणीचं पाणी रात्रभरात आपोआप आंबतं, आणि त्या आंबटपणामुळे नको ते जिवाणू दबतात. पुण्याच्या डिसेंबरात तसं होत नाही. सकाळी कागदी पट्टीवर भिजवणीचा पीएच ६ च्या वर होता. म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत पातेल्यात ४५ मिली व्हिनेगर. तेंपेला त्याची चव लागत नाही.

मग खरं काम, वाळवणं. निथळलेली डाळ त्याच गरम पातेल्यात परत घेऊन मंद आचेवर ५ मिनिटं हलवली, वाफ सुटेपर्यंत. नंतर सुती पंचावर एकेरी पसरून पंख्याखाली २५ मिनिटं. मूठभर दाणे कागदी रुमालावर दाबले आणि डाग उठला नाही, की झालं. स्पर्श कोरडा हवा, पण दाणा आतून ओलसर हवा. पापडासारखा वाळवायचा नाही. वजन १,०१० ग्रॅम.

डाळ हाताला जेमतेम कोमट (३४ अंश) झाल्यावर विरजण. गरम डाळीत बीजाणू मरतात. चमचाभर विरजण एकदम न टाकता चहाच्या गाळणीतून तीन वेळा भुरभुरवलं, दर वेळी पूर्ण ढवळून. दोन पिशव्या, प्रत्येकीला दाभणाने एक-एक सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंनी भोकं. थर २ सेंमीपेक्षा थोडा जाड. रात्री ८ ला डब्यात. आतली हवा ३१ अंश.

१५ डिसेंबर

निम्मी जमली. १४ तारखेच्या सकाळी पिशवीला आतून दहिवर धरलं होतं, दुपारी पांढरी साय दिसली. इथवर पुस्तकी. रात्री झाकण उघडलं तेव्हा हवा ३३ अंश, पण लादीवर हाताची मागची बाजू ठेवली तर ताप आलेल्या कपाळासारखी लागली. सळई आत खुपसली, ४३ अंश. तेंपे १४-१५ तासांनंतर स्वतःच उष्णता सोडू लागतं, मोकळ्या हवेपेक्षा ८-१० अंश वर सहज जातं. चाळिशी ओलांडली की बुरशी गळपटते आणि जिवाणूंना रान मोकळं होतं.

सकाळी कडा घट्ट, मध्य तपकिरी आणि भुसभुशीत, अमोनियाचा वास. भोकांभोवती काळे ठिपके. ते काळे ठिपके वाईट नव्हेत. तिथे हवा जास्त मिळाली म्हणून बुरशीने बीजाणू धरले, एवढंच. त्यासाठी दाभण सोडून शिवणाची साधी सुई घ्यावी. अमोनिया आणि भुसभुशीत मध्य मात्र टाकायचे. कडाही टाकल्या, कडा आणि मध्य एकाच लादीचे.

जावात थोडं पुढे गेलेलं, उग्र वासाचं तेंपे टाकत नाहीत. केदिरीकडे सांबाल तुंपांग नावाचं कालवण त्याचंच करतात. पण ते नीट झालेलं आणि नंतर जून झालेलं तेंपे असतं, आपल्यासारखं बिघडलेलं नव्हे. हा फरक नाकाला कळायला काही खेपा जाव्या लागतील.

२० डिसेंबर, शनिवार. खेप ३

पाककृती तीच, फक्त सळई डब्यात न लटकवता लादीच्या मधोमध. सुईची भोकं. दोन लाद्या एकमेकींना न चिकटवता, जाळीवर मध्ये चार बोटं जागा सोडून.

रात्री ९: लादी २९, बल्ब चालू.
सकाळी ७: ३१. दहिवर.
सकाळी ११: ३३. खालच्या बाजूने पांढुरकी धूळ दिसते. पिशव्या उलटल्या.
दुपारी १: ३५. बल्ब बंद.
दुपारी ३: ३८. झाकणाखाली पेन्सिल घालून फट ठेवली.
संध्याकाळी ५: ३७.
रात्री ९: ३४. लादी एका टोकाला धरून आडवी उचलली तर वाकत नाही.
रात्री ११: संपलं. २६ तास.

बल्बचं काम पहिल्या १६ तासांपुरतं. पुढे आपण ऊब द्यायची नाही, काढून घ्यायची. मे महिन्यात हेच काम बल्बाशिवाय होईल, पण दुपारी लादी थंड ठेवण्याची धडपड करावी लागेल. तेंपेसाठी पुण्याची थंडीच बरी.

कापल्यावर: दाण्यांमध्ये सगळीकडे पांढरं, रिकामी फट एकही नाही. सुरीला बुळबुळ नाही. वास ताज्या अळंब्यांचा, थोडा ओल्या पिठाचा. वजन ९४० ग्रॅम. लगेच फ्रीजमध्ये एकावर एक रचायचं नाही, ते आतून अजून गरम असतं आणि ढिगात तापत राहतं. एकेरी ठेवून गार केलं, मग निम्मं १५ मिनिटं वाफवून फ्रीजरमध्ये. न वाफवलेलं फ्रीजमध्ये चार दिवस. घरचं तेंपे कच्चं खायचं नाही, हा नियम सगळ्या खेपांना.

एक गैरसमज इथेच लिहून ठेवतो, कारण शाकाहारी मंडळी हमखास विचारतात. तेंपेत बी-१२ असतं असं म्हणतात. ते बुरशी तयार करत नाही, बाजारच्या तेंपेत शिरलेले काही जिवाणू करतात. घरी स्वच्छ केलेल्या लादीवर त्यासाठी विसंबू नये.

२७ डिसेंबर. खेप ४, कडवे वाल

वाल ५०० ग्रॅम, १२ तास भिजवून फडक्यात बांधून एक दिवस. बिरड्याला अर्ध्या बोटाचे मोड लागतात, इथे नकोत. मोड लांबले की ते शिजून तुटतात आणि त्यांचा चिखल होतो. नुसतं नाक दिसलं की पुरे. मग कडकडीत नाही, पण चांगल्या गरम पाण्यात १० मिनिटं. चिमटीत दाबलं की सालातून डाळिंबी सुळकन निसटते. दोघांनी मिळून ४० मिनिटं. सोयाबीनच्या चोळण्यापेक्षा हे काम शंभरपट सुखाचं.

पुढचं सगळं खेप ३ प्रमाणे, इथेच चूक. ३५ मिनिटं उकळणं ही सोयाबीनची वेळ. सोयाबीनमध्ये तेल आणि प्रथिनं जास्त, पिष्ट नावापुरतं. वालात पिष्ट भरपूर. १८ व्या मिनिटाला डाळिंब्या फुटायला लागल्या, २० व्याला उतरवलं तेव्हा तळाशी पिठलं झालेलं.

२९ डिसेंबर

अपेक्षेप्रमाणे. वरवर सुंदर पांढरी लादी, कापली तर आत पिवळसर गोळा, बुरशी अर्धा सेंटिमीटर शिरून थांबलेली. टाकली.

३ जानेवारी, शनिवार. खेप ५

डाळिंब्या पाण्यात फक्त ११ मिनिटं, शेवटच्या दोन मिनिटांत व्हिनेगर. नख लावलं तर शिरावं, दाबली तर दोन फाकी व्हाव्यात, पीठ होऊ नये. शिजवणीचं पाणी ओतून दिलं, कडवटपणा बराचसा त्यातच गेला. एरवी बिरड्याचं हे पाणी फेकणं म्हणजे पाप, इथे इलाज नाही. उतरल्यावर लगेच पंचावर. पातेल्यात परतवून वाळवणं वगळलं, कारण हलवताना डाळिंब्या मोडतात. त्याऐवजी पंख्याखाली ४५ मिनिटं, मधे एकदा पंचा बदलून. फुटलेल्या आणि पिठूळ झालेल्या निवडून काढल्या, मूठभर निघाल्या, संध्याकाळच्या आमटीत गेल्या. विरजण दीड चमचा. डाळिंबी मोठी, फटी मोठ्या, बुरशीला लांबचे पूल बांधायचेत.

एक लादी पिशवीत, एक केळीच्या पानात. पान आचेवरून फिरवून मऊ केलं (नाहीतर घडीवर चिरतं), कोरडं पुसलं, थर दीड सेंमी, दुहेरी गुंडाळी, सुतळीने सैल बांधणी. पानाला भोकं लागत नाहीत, घड्यांतून हवा पुरेशी जाते. जावात सागाची पानंही वापरतात.

५ जानेवारी

दोन्ही जमल्या. वेळ ३१ तास, सोयाबीनपेक्षा पाच तास जास्त. लादीचं तापमान ३६ च्या वर गेलंच नाही, त्यामुळे झाकणाला फट ठेवावी लागली नाही.

पानातली लादी उजवी. पिशवीतलीला भोकांच्या रांगेने राखाडी ठिपके, पानातली एकसारखी पांढरी, वर पानाच्या शिरांचा ठसा. वासात पानाची हलकी हिरवट छटा. चव: सोयाबीनच्या तेंपेपेक्षा मऊ, थोडी गोडसर, मागे वालाचा कडवटपणा अगदी जिभेच्या टोकाला. बिरड्याची जागा ती घेणार नाही. तळल्यावर मात्र ती सोयाबीनला मागे टाकते, कारण पिष्टामुळे कड खरपूस होते.

१० जानेवारी. नारळाबद्दल

बासेमला (गुळाच्या रसात आटवलेलं तेंपे) नारळाचं पाणी हवं म्हणून नारळ फोडला, खोबऱ्याचं दूध काढलं, चोथा उरला. कोकणी स्वयंपाकघरात हा चोथा डाळिंब्यांत मिसळून बघू, असा विचार येणारच. मिसळायचा नाही.

जावात बान्यूमासकडे नारळाच्या चोथ्याचं आणि पेंडीचं तेंपे करत. नाव तेंपे बोंगक्रेक. त्यात बुर्खोल्डेरिया जातीचा एक जिवाणू शिरला तर बोंगक्रेकिक आम्ल नावाचं विष तयार करतो. खोबऱ्यातल्या स्निग्धांशावर त्याचं चांगलं फावतं. विषाला वास नाही, चव नाही, तळून-उकळून ते जात नाही. माणसं दगावत राहिली आणि शेवटी इंडोनेशियाने १९८८ मध्ये ते बनवायला बंदी घातली. तेव्हा नारळ लादीत नाही. रस्सा, चटणी, वरून खोवलेलं खोबरं, काहीही करा, पण बुरशीचं काम संपल्यावर.

११ जानेवारी, रविवार. स्वयंपाक

*बासेम.* योग्याकार्ताकडची पद्धत. तेंपे ३०० ग्रॅम, बोटभर जाड तुकडे. वाटण: धणे २ चमचे, छोटे कांदे ६, लसूण ४ पाकळ्या. कढईत वाटण, ४०० मिली नारळाचं पाणी, माडाचा गूळ ६० ग्रॅम, चिंचेचा कोळ १ चमचा, ठेचलेलं कुलिंजन ३ सेंमी, मीठ पाऊण चमचा. गोव्याकडचा काळा माडाचा गूळ इथे तंतोतंत बसतो. जावाचा गुला जावाही माडाच्याच रसाचा. उसाच्या गुळाने रंग येतो, तो धुरकट वास येत नाही. मूळ कृतीत सालाम नावाचं पान असतं. त्याच्या जागी तमालपत्र घालतात, पण वास निराळाच येतो. त्यापेक्षा वगळलं.

तुकडे एकेरी मांडून मंद आचेवर ३५ मिनिटं, एकदा उलटून, रस पूर्ण आटेपर्यंत. शेवटच्या पाच मिनिटांत समोरून हलायचं नाही, गूळ एका क्षणात करपतो. मग थोड्या तेलावर दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण मिनिट. जास्त ठेवले तर काळे आणि कडू. सोयाबीनचं तेंपे यासाठी उत्तम. डाळिंब्यांचं ३५ मिनिटांत कडेने सुटायला लागलं, पुढच्या वेळी १५ मिनिटं आणि पाणी निम्मं.

*मेंदोआन.* हेही बान्यूमासचं. तिथल्या बोलीत ‘मेंदो’ म्हणजे अर्धंकच्चं. डाळिंब्यांची लादी आधी १५ मिनिटं वाफवून गार केली, मग अर्धा सेंमी जाड काप. पीठ: मैदा १०० ग्रॅम, तांदळाची पिठी ४० ग्रॅम, धणेपूड १ चमचा, वाटलेला लसूण ३ पाकळ्या, बारीक चिरलेली कांद्याची पात ४ काड्या, मीठ, पाणी २२० मिली. भज्यांच्या पिठापेक्षा पातळ, धिरड्यासारखं. मध्यम तापलेल्या तेलात दीड मिनिट, रंग यायच्या आत बाहेर. काप हातात धरला तर मान टाकतो, तसाच हवा. भजी म्हटली की कुरकुरीत, ही आपली सवय इथे आड येते. पहिला घाणा सवयीने लाल झाला. खायला छान, पण मेंदोआन नव्हे. सोबत गोड सोया सॉसमध्ये चिरलेल्या लवंगी मिरच्या.

२४ ते २६ जानेवारी. खेप ६, हरभरा डाळ

साल आधीच गेलेली, म्हणून घाईच्या माणसाला बरी. ५०० ग्रॅम, भिजवण ४ तास, उकळणं ९ मिनिटं, बाकी खेप ५ प्रमाणे. २८ तासांत घट्ट लादी. चव सपाट. कोणी पहिल्यांदाच करत असेल तर हात बसवायला हीच डाळ घ्यावी.

१ फेब्रुवारी, रविवार. विरजण

पाकीट संपत आलं म्हणून खेप ६ मधला तळव्याएवढा तुकडा मुद्दाम उघडा ठेवून तीन दिवस काळा होऊ दिला. पातळ काप करून पंख्याखाली वाळवले (उन्हात नाही, बीजाणू मरतात), कोरड्या मिक्सरमध्ये भाजून गार केलेल्या तांदळाच्या पिठीबरोबर दळले. दळताना नाकातोंडावर रुमाल बांधावा, काळी धूळ घशात जाते. १०० ग्रॅम डाळीवर चाचणी: २७ तासांत लादी, पण एका कोपऱ्यात हिरवट डाग. हिरवा, निळा, केशरी, गुलाबी यांपैकी कोणताही रंग दिसला की अख्खी लादी बाद, कोपरा कापून भागत नाही. घरच्या विरजणात दुसरी बुरशी शिरलेली आहे. भुकटी फेकली, नवं पाकीट मागवलं.

फ्रीजरमध्ये शिल्लक: सोयाबीन ४७० ग्रॅम, डाळिंब्या २२० ग्रॅम, हरभरा ६०० ग्रॅम. पुढची खेप वालांचीच, पानात, थर एक सेंमी, मेंदोआनसाठी कापावीच लागणार नाही अशी.